आधी गाळणी, मग डबे : आई होण्याच्या तयारीत घरातलं प्लास्टिक कोणत्या क्रमाने कमी करायचं

गेल्या पावसाळ्यात कासारवडवलीहून एक जोडपं आलं होतं. सोबत सासूबाई आणि एक भलीमोठी कापडी पिशवी. पिशवीत बारा नवे कोरे डबे, प्रत्येकावर ‘बीपीए फ्री’ असं हिरवं लेबल. जुने डबे झाडून सगळे भंगारवाल्याला दिलेले.

“आता झालं ना, मॅडम?” सुनेने विचारलं.

मी म्हटलं, “सकाळचा चहा कशाने गाळता?”

तिघंही एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “साधी प्लास्टिकचीच गाळणी आहे हो. बरीच वर्षं झाली तिला. जाळी जरा पिवळी पडलीय, एवढंच.”

मी ठाण्यात आहारसल्लागार आहे. दिवस राहावेत म्हणून उपचार घेणारी जोडपी ठाणे, ऐरोली, खारघर अशी सगळीकडून येतात आणि प्लास्टिकच्या बाबतीत बहुतेकांचा हाच घोळ असतो. पैशांचं काम आधी उरकतात, सवयीचं काम तसंच राहतं. खाली जो क्रम दिलाय तो त्यासाठीच. पायऱ्या उलटसुलट करू नका. पहिल्या पायरीत तर काही विकतही घ्यायचं नाही.

## सुरू करण्याआधी हे माहीत हवं

प्लास्टिकमधली दोन नावं आपल्या कामाची आहेत. पहिलं बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए. कडक, काचेसारख्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटमध्ये ते असतं, तसंच पत्र्याच्या डब्यांना आतून जो लेप देतात त्यातही असू शकतं. दुसरं नाव थॅलेट्स. प्लास्टिक मऊ, लवचिक करायला ती घालतात, पण प्लास्टिकशी ती रासायनिकरीत्या घट्ट बांधलेली नसतात, त्यामुळे हळूहळू बाहेर पडत राहतात. सुगंधी प्रसाधनांतही ती सापडतात. बीपीए शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं. थॅलेट्स फॉलिकलच्या (अंडाशयातल्या ज्या पिशवीत बीज वाढतं तिच्या) वाढीत आणि तिथे तयार होणाऱ्या हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतात, असं प्राण्यांवरच्या आणि प्रयोगशाळेतल्या कामातून दिसलंय.

स्त्रीबीज इतकं नाजूक का, तर ते आपल्या वयाइतकंच जुनं असतं. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी बीजं तयार होतात आणि विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थांबून राहतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख, आणि त्यातली आयुष्यभरात चारशेच्या आसपासच बाहेर पडतात. थांबलेलं विभाजन पुन्हा सुरू होतं त्या घडीला गुणसूत्रं नीट रांगेत लागावी लागतात. १९९८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या बीजांमध्ये ही रांग बिघडण्याचं प्रमाण एकाएकी वाढलं. शोधाशोध केल्यावर कळलं की कुणीतरी चुकून प्लास्टिकचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या जहाल साबणाने धुतल्या होत्या. पॉलिकार्बोनेट खराब होऊन त्यातून बीपीए पाझरत होतं. पॅट्रिशिया हंट यांनी हे काम २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. घासणीने खरवडलेल्या डब्याबद्दल मी पुढे कटकट करणार आहे, तिचं मूळ इथे आहे.

माणसांतला पुरावा वेगळ्या जातीचा आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आयव्हीएफ करणाऱ्या स्त्रियांत, ज्यांच्या लघवीत डीईएचपी या थॅलेटचे अंश जास्त होते त्यांच्याकडून सरासरीने कमी बीजं मिळाली. हा संबंध आहे. ‘अमुक डबा वापरला म्हणून बीजं कमी झाली’ असं त्यातून कुणाही एकीला सांगता येत नाही. घरात कुणी तसं सुनावत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

आता वेळेचा हिशेब. बीपीएचा निम्मा भाग शरीरातून साधारण पाच-सहा तासांत बाहेर पडतो, थॅलेट्सचा बराचसा भाग एक-दोन दिवसांत. अमेरिकेतल्या पाच कुटुंबांनी तीन दिवस प्लास्टिक आणि पत्र्याच्या डब्यांपासून लांब राहून ताजं अन्न खाल्लं तेव्हा लघवीतलं बीपीए सरासरी ६० टक्क्यांहून जास्त घटलं होतं. मात्र फॉलिकलला वाढीचा शेवटचा टप्पा पार करून बीज सोडायला सुमारे ८५ ते ९० दिवस लागतात. म्हणून हे तीन महिन्यांचं काम धरा. एखाद्या दिवशी चुकलं तरी हरकत नाही, रोज चुकायला नको.

सावधान : याने एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन) वाढत नाही, संपलेली बीजं परत येत नाहीत आणि वयावर तर कशाचीच मात्रा चालत नाही. वय ३५ च्या आत असेल आणि वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नसतील, किंवा ३५ च्या पुढे असाल आणि सहा महिने झाले असतील, तर आधी डॉक्टरांकडे जा. चाळिशी उलटली असेल, पाळी अनियमित असेल, एंडोमेट्रिओसिस किंवा आधीचं एखादं ऑपरेशन असेल तर तेवढीही वाट पाहू नका. ‘तीन महिने घर साफ करतो, मग तपासण्या करू’ ही मी पाहिलेली सगळ्यात महाग चूक आहे. दोन्ही एकाच वेळी सुरू होऊ शकतं.

## पायरी १ : तीन दिवसांची नोंद

एक वही घ्या, दुधाच्या हिशेबाची चालेल. सलग तीन दिवस, त्यातला एक रविवार. खाण्यापिण्याची जी वस्तू प्लास्टिकला लागते ती लिहायची आणि तिच्यापुढे तीन प्रश्न : गरम होती का? तेलकट किंवा आंबट होती का? किती वेळ राहिली?

ऐरोलीच्या एका मुलीच्या वहीतलं पान तिच्या परवानगीने देते :

सकाळी ६.४० – चहा, प्लास्टिक गाळणी. गरम हो, दूध हो.
७.३० – पोळ्या कॅसरोलमध्ये, आतून प्लास्टिक. गरम हो, तूप हो, दीड तास.
८.१० – वांग्याची भाजी कढईतून थेट प्लास्टिकच्या डब्यात. गरम हो, तेल हो, पाच तास.
१.१५ – तोच डबा ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये, दोन मिनिटं.
४.०० – कागदी कपात चहा.
रात्री ९ – उरलेलं वरण गरम असतानाच प्लास्टिकच्या वाडग्यात, फ्रीज.

तिच्या घरात तांदूळ, रवा, साखर, पोहे यांचे एकवीस प्लास्टिकचे डबे होते. त्यातला एकही या पानावर नाही, कारण कोरडं आणि थंड धान्य प्लास्टिकमधून फारसं काही ओढून घेत नाही. लोक मात्र पहिल्यांदा नेमके तेच डबे बदलतात, कारण ते समोर मांडलेले दिसतात.

तपासा : ज्या ओळीत ‘गरम हो’ आणि ‘तेल हो’ (तूप, दूधही त्यातच धरा) दोन्ही आलंय तिच्याखाली रेघ मारा. तुमचं काम रेघ मारलेल्या ओळींचं. ऐरोलीच्या मुलीच्या चार ओळींखाली रेघ आली, आणि त्या चार सवयी बदलायला तिला पाचशे रुपयेसुद्धा लागले नाहीत.

## पायरी २ : गरम आणि प्लास्टिक यांची गाठ सोडवा

पहिले दोन आठवडे एवढंच करायचं. बाकी कशाला हात लावू नका.

गाळणी. उकळता चहा, त्यात दुधातली स्निग्धता, आणि हे दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं. गाळणीवर प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा छापलेला नसतो, त्यामुळे ती कसल्या प्लास्टिकची आहे हे कळायला मार्ग नाही. जांभळी नाक्याला भांड्यांच्या कुठल्याही दुकानात स्टीलची गाळणी मिळते, आजच आणा. बारीक जाळीची घ्या, नाहीतर चहापत्ती कपात उतरते म्हणून आठ दिवसांत जुनी गाळणी परत ओट्यावर येते.

मायक्रोवेव्ह. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ याचा अर्थ भांडं वितळणार नाही, वाकणार नाही. त्यातून अन्नात काही उतरणार नाही, असं ते लेबल म्हणत नाही. काचेचं किंवा साधं चिनी मातीचं भांडं वापरा आणि वर प्लास्टिकच्या झाकणाऐवजी बशी उपडी ठेवा. मायक्रोवेव्हची प्लास्टिक इडलीपात्रं निवृत्त करा, इडली कुकरमध्ये जास्त चांगली होते हे माझं प्रामाणिक मत आहे.

कॅसरोल. आतून स्टील असलेला घ्या. तो येईपर्यंत आहे त्यातच स्टीलची ताटली ठेवून वर सुती पंचात गुंडाळलेल्या पोळ्या ठेवा. पंचा वाफही शोषतो, खालची पोळी ओली होत नाही.

झारा, उलथणं, डाव. काळा नायलॉनचा झारा भाजी शिजेपर्यंत कढईतच पडून राहतो. लाकडी किंवा स्टीलचा ठेवा. नॉनस्टिकवर लाकडीच, स्टीलने लेप खरवडला जातो.

मिक्सर. पारदर्शक प्लास्टिकच्या भांड्यात गरम टोमॅटो, उकडलेला पालक घालू नका. वाटण स्टीलच्या भांड्यात, तेही निवल्यावर.

थालीपीठ. दुधाची पिशवी धुऊन तिच्यावर थालीपीठ थापायची पद्धत घरोघरी आहे. माझ्या आईचीही हीच. थापेपर्यंत पीठ थंड असतं, ते एक वेळ चालेल, पण पिशवी उचलून तव्यावर उलटी करताना तिची कड तापल्या तव्याला टेकते आणि चुरचुरून आक्रसते. तो वास तुम्हालाही ठाऊक आहे. त्यापेक्षा सुती फडकं ओलं करून, घट्ट पिळून त्यावर थापा. केळीचं पान मिळालं तर उत्तमच.

दूध. पिशवीतलं थंड दूध ही मोठी काळजी नाही. घरी आलं की लगेच कापून पातेल्यात ओता. गोठलेली पिशवी गरम पाण्यात बुडवणं मात्र बंद. तयार भाजीची पाकिटं पाकिटासकट उकळत्या पाण्यात टाकायला सांगतात, तिथेही तेच : कापा, पातेल्यात रिकामं करा, मग गरम करा.

उरलेलं अन्न. ‘निवल्यावर डब्यात भरू’ असं ठरवून झोप लागते आणि आमटी रात्रभर ओट्यावर राहते. आपल्याकडच्या दमट हवेत ते बीपीएपेक्षा कितीतरी लवकर त्रास देईल. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे. स्टीलच्या पसरट भांड्यात काढा, पटकन निवतं, आणि तेच झाकून आत ठेवा.

सावधान : साध्या काचेच्या बरणीत उकळतं ओतू नका, तडकते. गरमासाठी बोरोसिलिकेट काच लागते.

तपासा : चौदाव्या दिवशी प्लास्टिकच्या डब्यांना आतून हळदीचा डाग नवा पडलाय का ते बघा. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि तेलाबरोबर प्लास्टिकमध्ये मुरतो. डागावरून बीपीए आहे की नाही हे कळत नाही, पण त्या डब्यात कुणीतरी गरम, तेलकट काहीतरी भरलं हे नक्की कळतं. माझ्या स्वतःच्या फ्रीजमध्ये असा एक पिवळा डबा सापडला होता, आणि भरणारी मीच होते. लोकांना शिकवून घरी आल्यावर दमलेली असते, हातात येईल तो डबा घेते.

## पायरी ३ : तेल, तूप, लोणचं, आगळ

थॅलेट्स स्निग्ध पदार्थांत सहज उतरतात, आणि तेल तर डब्यात महिनोन् महिने असतं. पंधरा लिटरचा डबा आणून महिनाभर प्लास्टिकच्या कॅनमधून वापरण्यापेक्षा लहान पॅक आणा, घरी आल्याबरोबर स्टीलच्या तेलाच्या बरणीत ओता. तूप काचेत.

लोणच्याला तेल, मीठ, आंबटपणा आणि वर्षभराचा मुक्काम, सगळंच लागू आहे. आजीची चिनी मातीची बरणी माळ्यावर असेल तर काढा. आतून पांढरी, गुळगुळीत, तडा न गेलेली हवी. आतून रंगीत नक्षी केलेली शोभेची बरणी लोणच्याला वापरू नका, अशा रंगांत आणि चकाकीत शिसं असू शकतं. कोकणातून पाहुण्यांबरोबर येणारं कोकमाचं आगळ हमखास वापरलेल्या पाण्याच्या बाटलीत भरून येतं, ते त्याच दिवशी काचेच्या बाटलीत घाला.

पत्र्याच्या डब्यातला आमरस, रसगुल्ले, अननस, नारळाचं दूध या तीन महिन्यांत बाजूला ठेवा. आमरस घरचा करून स्टीलच्या डब्यांत गोठवता येतो. वर बोटभर जागा सोडा, गोठताना तो फुगतो.

सावधान : प्लास्टिक सोडून तांब्याकडे वळणारे आता खूप आहेत. तांब्याच्या भांड्यात साधं पाणीच. ताक, लिंबू सरबत, कोकम, चिंचेचं सार तांब्यात किंवा कल्हई नसलेल्या पितळेत ठेवलं तर धातू उतरून मळमळ, उलट्या होतात.

## पायरी ४ : पाणी

इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि सगळ्यात चुकीच्या जागी खर्च करतात. सोसायटीच्या गच्चीवरची काळी टाकी बदलण्याचा आग्रह धरू नका. ती पॉलिइथिलीनची असते, त्यात बीपीए वापरत नाहीत. टाकी वेळेवर धुतली जाते का, हा प्रश्न सभेत विचारा, विशेषतः घोडबंदर पट्ट्यात जिथे टँकर येतात तिथे. अंघोळीची बादली आणि मगही राहू द्या.

बघायचं ते हे. ऑफिसमधला २० लिटरचा जार आडवा करून तळाचा त्रिकोण शोधा. आत ७ आकडा आणि ‘पीसी’ अक्षरं असतील तर तो पॉलिकार्बोनेटचा. असे जार वर्षानुवर्षं धुऊन, घासून, उन्हात टेम्पोवर उभे राहून पुन्हा पुन्हा भरले जातात. तुम्ही घरून स्टीलची बाटली भरून न्या, एवढ्याने तुमच्यापुरता प्रश्न सुटतो. चहाच्या मशीनमध्ये याच जारचं पाणी तापतं, तेही लक्षात ठेवा.

विकतच्या पाण्याची बाटली १ नंबरची, म्हणजे पीईटी. तिच्या लांबलचक नावात ‘थॅलेट’ हा शब्द येतो म्हणून खूप जणी दचकतात. ते वेगळं रसायन आहे, आणि पीईटीमध्ये बीपीए नसतं. पण मे महिन्यात घोडबंदर रोडच्या कोंडीत तापलेल्या गाडीत पडून राहिलेली बाटली पिऊ नका, कारण उष्णतेने पीईटीमधून अँटिमनी पाण्यात उतरण्याचं प्रमाण वाढतं. तीच बाटली महिनोन् महिने भरून वापरणंही सोडा.

## पायरी ५ : घराबाहेर

टपरीवर काचेचा ग्लास मागा. कटिंगची खरी चव त्यातच. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या अभ्यासात अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवल्यावर सुमारे २५,००० सूक्ष्मकण सापडले होते. हे कण आणि हार्मोन बिघडवणारी रसायनं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण उपाय एकच आहे. इटलीतल्या एका तपासणीत १८ पैकी १४ स्त्रियांच्या फॉलिकलमधल्या द्रवातही सूक्ष्मप्लास्टिक मिळालं, हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालंय. त्याने नेमकं काय बिघडतं यावर काम चालू आहे. ऑफिसात चार जणांचा चहा पिशवीत बांधून आणायची पद्धत असेल तर स्टीलची किटली नाहीतर थर्मास ठेवा. दोन-दोनशे वर्गणी काढली की विषय संपतो.

तलावपाळीला फेरी मारून येताना मिसळ पार्सल घ्यायची असेल तर घरूनच दोन डबे न्या, एक उसळीला, एक तर्रीला. उकळती तर्री पातळ पिशवीत म्हणजे उष्णता, तेल, तिखट, आंबट सगळं एकत्र. पहिल्या वेळी दुकानदार विचित्र नजरेने बघतो, तिसऱ्या वेळी तोच विचारतो, “ताई, आज डबा नाही?”

नेहमीची चूक : प्लास्टिक नको म्हणून गरम भजी, वडे वर्तमानपत्रात. अन्न नियामकाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी छापील कागदात अन्न बांधायला मनाई केलेली आहे. शाईतली रसायनं तेलात उतरतात. डबा नसेल तर प्लेटमध्ये घेऊन तिथेच खा.

घरी मागवलेलं जेवण डब्यात असतं तोवर ते मुरतच असतं, म्हणून दारातून आत आलं की आधी ताटात काढा. ‘मालिका संपल्यावर वाढू’ हे चालणार नाही.

## पायरी ६ : आता डबे घ्या

एक महिना झाल्यावर, वहीतल्या रेघा पुसल्या गेल्यावर. एव्हाना कळलेलं असतं की बारा डबे लागतच नाहीत. दोन माणसांना स्टीलचे चार, काचेचे दोन पुरतात. सासूबाई आणि बोहारीण यांचं जमत असेल तर जुन्या साड्यांवरही काम भागतं, कासारवडवलीच्या त्या आजींनी तेच केलं.

जे प्लास्टिक घरात राहणार आहे त्याच्या तळाचा आकडा बघा. २, ४, ५ हे कोरड्या आणि थंड वस्तूंना ठेवा. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, हे दोन्ही अन्नाला नको. ७ म्हणजे ‘इतर’, त्यात पॉलिकार्बोनेटही येतं, तेही नको. आकडाच नसेल तर शिवणकामाचं सामान ठेवा. जो डबा घासून धुरकट झालाय, चरे पडलेत, झाकण चिकट लागतंय, त्याला कोणताही आकडा असला तरी स्वयंपाकघराबाहेर काढा.

‘बीपीए फ्री’ या लेबलबद्दल : बीपीए काढून त्या जागी अनेकदा बीपीएस किंवा बीपीएफ ही त्याचीच भावंडं येतात, आणि त्यांचं वागणं बरंचसं तसंच असल्याचं प्रयोगांत दिसलंय. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुसह्य मर्यादा आधीच्या २०,००० पट खाली आणली, आणि २०२४ अखेर युरोपीय संघाने अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदीच मंजूर केली. उत्पादक पर्याय शोधणार हे उघड आहे. तुमच्या नव्या डब्यावर हिरवं लेबल असू द्या, त्यात गरम आमटी भरायची नाही.

तपासा : स्टीलच्या डब्याला प्लास्टिकचं झाकण असेल तर अन्न झाकणाला टेकणार नाही इतकंच भरा.

## पायरी ७ : पावत्या, पीव्हीसी, सुगंध, धूळ

एटीएमची चिठ्ठी, मॉलचं बिल, पेट्रोल पंपाची पावती यांवर नखाने ओरखडा काढा. काळी रेघ उमटली तर तो थर्मल कागद, आणि त्याच्या लेपात बीपीए किंवा बीपीएस असू शकतं. बिल मोबाइलवर मागवा. हाताला सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेलं असताना पावती धरली तर त्वचेतून शोषण वाढतं, म्हणून आधी पावती ठेवा, मग हात धुवा. बिलिंग काउंटरवर काम करणाऱ्यांनी नायट्राइलचे हातमोजे वापरावेत.

जेवणाच्या टेबलावर मऊ, जाड, पारदर्शक पीव्हीसीचं आच्छादन असेल तर काढा. नवं असताना ज्याला उग्र वास येतो तेच. त्यावर गरम पातेलं ठेवल्याचा गोल डाग पडलेला असतो. झाकायला वापरतात ती चिकट पारदर्शक फिल्म कापलेल्या फळांना आणि पनीरला लावू नका.

अत्तर, रूम फ्रेशनर, गाडीतला सुगंध आणि नेलपॉलिश तीन महिने कमी करा. घर झाडण्याआधी ओलं पुसा. जेवणाआधी हात धुवा, धुळीतूनही ही रसायनं पोटात जातात.

## पायरी ८ : कॅलेंडर आणि डॉक्टर

आयव्हीएफची तारीख ठरली असेल तर मागे ९० दिवस मोजा आणि पायरी १ तिथे ठेवा. इंजेक्शनं सहसा पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतात आणि साधारण आठ ते चौदा दिवस चालतात. त्या दिवसांत डबे बदलायला घेतले तर त्या खेपेच्या बीजांना त्याचा फारसा उपयोग नाही, ती आधीच वाढीला लागलेली असतात. ९० दिवस हातात नसतील तर उपचार पुढे ढकलू नका. पायरी २ लगेच करा, बाकीचं जमेल तसं.

नवऱ्याचा डबाही याच यादीत. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, तेव्हा हे दोघांचं काम आहे. ‘तिचा डबा स्टीलचा, त्याचा जुनाच’ असं मी दर महिन्याला पाहते.

फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून, डॉक्टरांना विचारून. कुणाला त्याहून जास्त मात्रा लागते, ती त्यांनीच ठरवायची.

यावर पैसे घालवू नका : लघवीतल्या बीपीएची एक तपासणी (सकाळ-संध्याकाळच्या नमुन्यांत इतका फरक पडतो की एका आकड्यावरून काही ठरवता येत नाही), डिटॉक्स रस, ‘प्लास्टिक बाहेर काढणारी’ चूर्णं. यकृत आणि मूत्रपिंडं हे काम तासातासाला करतच असतात, आपण फक्त नवा पुरवठा थांबवायचा.

सावधान : सलाइनच्या नळ्या आणि पिशव्यांतही थॅलेट असू शकतं, आणि काही गोळ्यांच्या वेष्टनातही. म्हणून सलाइन नाकारायचं नाही आणि चालू गोळी स्वतःहून बंद करायची नाही. नेरुळच्या एका मुलीने थायरॉइडची गोळी ‘प्लास्टिकच्या बाटलीत येते’ म्हणून दहा दिवस बंद ठेवली होती. टीएसएच वाढलं आणि सगळी खेप एक महिना पुढे गेली. शंका आली तर आधी गोळी घ्या, मग डॉक्टरांना फोन करा, त्याच क्रमाने.

नव्वदाव्या दिवशी वहीत पुन्हा तीन दिवसांची नोंद करा, त्यात पुन्हा एक रविवार. रेघ मारायला दोनपेक्षा जास्त ओळी सापडल्या तर पायरी २ वर परत या. बहुतेक वेळा त्या ओळी पाहुणे आले त्या दिवसाच्या असतात. आणि जुनी गाळणी फेकून देणार असाल तर थांबा, बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी माती चाळायला ती उत्तम आहे. फक्त तिची जागा आता बाल्कनीत, नाहीतर मदतीला येणाऱ्या मावशी धुऊन पुसून परत ओट्यावर आणून ठेवतात.